मागचा वायपर आणि लाल डबा

माझ्या नवऱ्याला घरातली कुठलीही वस्तू नुसती बिघडलेली चालत नाही, ती का बिघडली हे कळावं लागतं. चाकणला गाड्यांच्या दरवाज्यांच्या बिजागऱ्या बनवणारी एक कंपनी आहे, तिथे तो क्वालिटीत आहे. दिवसभर तिथल्या लोकांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून थेरगावला उतरलं की राहिलेल्या चुका शोधायला घरी यायचं, असा त्याचा दिनक्रम. बाकीच्यांच्या घरी पोळी करपली की पोळी करपते. आमच्याकडे तवा किती तापला होता, पीठ कुठल्या गिरणीतलं आणि त्या वेळी मी फोनवर कुणाशी बोलत होते, इथपर्यंत चौकशी जाते.

मी गाडी शिकले ती पन्नाशीच्या तोंडावर. सासूबाईंच्या गुडघ्याची वाटी बदलली आणि त्यांना व्यायामासाठी वरचेवर वाकडला न्यावं लागू लागलं. रिक्षात त्या प्रत्येक स्पीडब्रेकरला तो बांधणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत, आणि रिक्षावाल्याला वाटे की हे आपल्यालाच चाललंय. त्यापेक्षा गाडी बरी म्हणून मी शिकले. शिकले ती त्यांच्यासाठी, पण मग ती माझीच होऊन बसली. चऱ्होलीला माझी बहीण राहते. तिच्याकडे मी एकटी जायला लागले. काचा वर, गाणी चालू, आणि निघताना कुणाला विचारायचं नाही. त्याआधी न विचारता जायची माझी हक्काची जागा म्हणजे पिठाची गिरणी होती. त्यामुळे ह्या गाडीत माझा जीव किती अडकला होता हे वेगळं सांगायला नको.

जुलैतल्या एका सकाळी हे सगळं धोक्यात आलं. आदल्याच दिवशी मी चऱ्होलीला जाऊन आले होते. तिथे शेतांत बिल्डिंगा उभ्या राहिल्या आहेत, रस्ता मात्र अजून शेतातलाच आहे. मागच्या चाकांनी उडवलेल्या चिखलानं मागची काच सारवून निघाली होती. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्या पुढे बसत नाहीत. पुढे बसलं की गाडी आपल्यालाच चालवावी लागते असा त्यांचा समज आहे. मी मागच्या वायपरचं बटण फिरवलं. आतून कुणी कण्हल्यासारखा आवाज आला, दांडी जराशी थरथरली आणि गप्प झाली. वाकडच्या व्यायामवाल्या मुली उशीर झाला की दुसऱ्याच पेशंटला आत घेतात, त्यामुळे मला घाई होती. बाजूच्या आरशांत बघत मी अंदाजानं गाडी मागे घेतली. गेटजवळ सोसायटीनं नुकताच कॅमेऱ्याचा खांब बसवला होता. धाड असा आवाज झाला आणि गाडी थांबली.

सासूबाई डोळे उघडून म्हणाल्या, "आलं का वाकड?"

कुणाला लागलं नाही. बंपर चेपला आणि खांब कलला. पण खांबावर कॅमेरा होता आणि तो चालू होता. दुपारपर्यंत ती चित्रफीत सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी बघितली. त्यात माझी गाडी मोठी मोठी होत जवळ येते आणि एकदम नुसतं आभाळ दिसायला लागतं. खाली कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. का, ते मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी नवरा घरी आला, हातपाय धुतले, चहा घेतला आणि जेवणाच्या टेबलाशी मला समोर बसवलं. त्यांच्या कंपनीत काही बिघडलं की पाच वेळा 'का' विचारतात. पाचव्या 'का'ला मूळ कारण हाती लागतं म्हणे.

"ठोकर का बसली?"

"मागचं दिसलं नाही."

"का दिसलं नाही?"

"काचेवर चिखल होता."

"चिखल का होता?"

"पावसाळा आहे."

"पावसाळा हे कारण आमच्याकडे चालत नाही."

"मग तुमच्याकडे पाऊस पाडू नका. अहो, वायपर चालत नव्हता. बटण फिरवलं तर नुसता कण्हला."

"मग उतरून फडक्यानं का नाही पुसलंस?"

इथे मी चहाचे कप उचलायला लागले आणि तिथेच केस माझ्या हातातून गेली. त्यांच्याकडे दोषाला चार घरं असतात: माणूस, मशीन, माल आणि पद्धत. दोष यांपैकी एका घरात घालावाच लागतो, मोकळा सोडता येत नाही. मी म्हणत होते मशीन. त्यानं मान हलवली आणि म्हणाला, "सध्या तरी माणूस." हे 'सध्या तरी' तो फार गोड बोलतो. कंपनीत ज्यांना हे ऐकावं लागतं त्यांची मला त्या दिवशी मनापासून दया आली.

मग त्यानं गाडीची किल्ली घेतली. कंपनीत ज्या मालाबद्दल संशय असतो तो लाल पेटीत ठेवतात आणि निकाल लागेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नसतो, मोठ्या साहेबानंही नाही. आमच्या घरी लाल पेटी नव्हती. दिवाळीच्या चकल्यांचा लाल डबा होता. किल्ली त्यात गेली आणि डबा फ्रीजवर गेला.

माझा हात तिथपर्यंत सहज पोचत होता. पण निकालाआधी मी डबा उघडला असता तर जन्मभर 'माणूस' ह्याच घरात पडून राहिले असते. मला किल्ली नुसती नको होती, निर्दोष म्हणून परत हवी होती. आणि दुसरं एक होतं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या आवाजानं मी हादरले होते. रात्री डोळा लागता लागता ते धाड पुन्हा ऐकू यायचं आणि पाय गादीवरच ब्रेक दाबायचा. हे नवऱ्याला कळलं असतं तर तो रागावला नसता, उलट प्रेमानं म्हणाला असता की राहू दे, कशाला चालवतेस. मला भीती होती ती त्या प्रेमाची. एकदा का तसं झालं असतं की माझं चऱ्होली संपलं असतं.

आम्ही पुन्हा रिक्षानं वाकडला जायला लागलो. सासूबाई मूळच्या थेरगावच्याच, गाव होतं तेव्हाच्या. त्यांना क्वालिटी वगैरे काही मान्य नाही. एका संध्याकाळी गुडघा चोळत त्या मुलाला म्हणाल्या, "आरं, चावी हाय का चकली? डब्यात काय ठिवतोस?"

"आई, चौकशी चालू आहे."

"कसली चौकशी? तुझ्या बापानं इतकी वर्सं कंपनीत काम केलं, पर घरात कदी चौकशी लावली न्हाई."

डांगे चौकातला गॅरेजवाला गाडी बघून म्हणाला होता की मोटर जाम झालीय, नवी टाकतो, दुपारपर्यंत गाडी घेऊन जा. शहाण्या माणसानं हे ऐकलं असतं. नवरा म्हणाला, "कारण न शोधता पार्ट बदलला की तोच दोष परत येतो." गॅरेजवाला म्हणाला, "साहेब, परत आला की परत बदलू." हे दोघं एका जगात राहत नाहीत हे मला तिथेच कळलं. गाडी तशीच परत आली, अर्थात चालवत होता नवरा, त्याच्याकडच्या जादा किल्लीनं.

मग गुरुवार उजाडला. आमच्या भागातल्या कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळे गुरुवार हा आमचा रविवार. त्या दिवशी पार्किंगमध्ये बनियनवर हिंडणारे जितके पुरुष असतात तितके मोठ्या कंपनीतही एका शिफ्टला नसतील. आणि कुणी गाडीची डिकी उघडून तिच्यात डोकं घातलं की त्यांना बोलवावं लागत नाही. चौथ्या मजल्यावरचे, एका कंपनीत पेंट शॉपला असलेले गृहस्थ पहिल्यांदा आले. त्यांच्यामागून लातूरकडचे, स्टोअर्समध्ये असलेले आले आणि विचारू लागले, "काय करलालाव भाऊ?"

"मागच्या वायपरची मोटर उतरवतोय."

"गॅरेजला द्यायची की राव," पेंट शॉपवाले म्हणाले आणि मांडी ठोकून बसले. मी खाली खुर्च्या आणल्या. एक सासूबाईंना, एक मला. मला ही चौकशी डोळ्यांआड होऊ द्यायची नव्हती.

आधी वायपरच्या दांडीचं टोपण निघालं, मग नट, मग दांडी. मग डिकीच्या दरवाज्याचं आतलं प्लॅस्टिक. ते क्लिपांवर बसवलेलं असतं. ओढलं की क्लिपा टक टक करत सुटतात. काही कट्ट करून तुटल्या, तेव्हा तिघांनीही वेगवेगळ्या दिशांना बघितलं. नवऱ्यानं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि सुटलेला भाग ज्या क्रमानं सुटला त्या क्रमानं मांडायला सुरुवात केली. पण स्टोअर्सवाल्यांना मोकळा स्क्रू बघवत नाही. ते प्रत्येक स्क्रू उचलून आपल्या लेंग्याच्या खिशात टाकत आणि कुणी मागितला की कशासाठी हवा ते विचारून मगच देत. ह्या दोन पद्धतींचा मेळ बसेना म्हणून बराच वेळ वाद झाला. तेवढ्या वेळात मी चहा केला.

अखेर मोटर बाहेर आली. आकारानं वाटीएवढी, आणि तिच्यातून निघालेला बोटाएवढा दांडा. हा दांडा काचेतल्या भोकातून बाहेर येतो आणि त्यावर वायपरची दांडी बसते. दांडा गंजून आपल्या नळीतच घट्ट बसला होता. जुन्या ग्रीसचा गूळ झाला होता.

"मशीन," मी खुर्चीतून म्हणाले.

"हे लक्षण झालं, कारण नाही," नवरा मान वर न करता म्हणाला.

गंज सोडवायचा फवारा मारून मोटर ठेवली आणि मंडळी जेवायला गेली. जेवून परत आल्यावर लाकडाचा तुकडा मध्ये धरून दांड्याला हलके ठोके देणं सुरू झालं. तो सुटेपर्यंत पेंट शॉपवाले सारखे म्हणत होते की जोर लावा, आणि स्टोअर्सवाले म्हणत होते की जोर लावू नका. शेवटी सुटला. पॉलिश पेपरनं घासला, नवं ग्रीस भरलं, बॅटरीच्या दोन वायरी लावल्या आणि मोटर फिरली. अगदी शहाण्यासारखी फिरली. पार्किंगमधल्या आणखी दोन-चार बनियनवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं सुटले एकदाची.

सगळं जसंच्या तसं बसवलं. वायपरची दांडी खाली आडवी, जशी असते तशी लावली आणि नवऱ्यानं बटण फिरवलं. वायपर उठला, काचेकडे पाठ केली आणि खालचा पत्रा पुसायला लागला. मन लावून पुसत होता. काचेला शिवायचंही नाव नाही.

पेंट शॉपवाल्यांचा चेहरा पांढरा पडला. "बंद करा राव, वरचा कोट जाईल," असं म्हणत त्यांनी वायपर हातानं धरला. इतका कळवळा त्यांनी बंपर चेपला तेव्हा दाखवला नव्हता, पण बंपर प्लॅस्टिकचा, तो त्यांच्या खात्यात येत नसावा.

झालं होतं असं, की बॅटरीवर फिरवताना मोटर मधेच कुठेतरी थांबली होती. आधी ती बटणावर चालवून तिच्या मुक्कामाला, म्हणजे बंद केल्यावर ती जिथे थांबते तिथे, येऊ द्यायची आणि मगच दांडी बसवायची, हे उत्साहात राहून गेलं. तिघांनी माना हलवत हे एकमेकांना समजावून सांगितलं.

"हा दोष कुठल्या घरात घालायचा?" मी विचारलं.

"पद्धत," नवरा म्हणाला.

मी 'माणूस' आणि तो 'पद्धत'. मी त्याच्याकडे बघून घेतलं. तो पाना शोधत होता, निदान तसं दाखवत तरी होता.

दांडी पुन्हा काढली. ती काढल्यावर नवरा तिथेच वाकला आणि वाकलेलाच राहिला. काचेतून दांडा जिथे बाहेर येतो तिथे त्याच्याभोवती रबराची एक कडी असते, पाणी आत जाऊ नये म्हणून. ती एका बाजूनं उचकटून फाटली होती. तो आपल्याशीच बोलायला लागला. वायपर का चालला नाही, तर मोटर जाम झाली. मोटर का जाम झाली, तर दांडा गंजला. का गंजला, तर पाणी गेलं. पाणी का गेलं, तर रबर फाटलं. त्याचा आवाज बारीक होत गेला. तो खूष होता. मूळ कारण जवळ आलं की तो असा होतो, जेवायलाही उठत नाही.

"आता शेवटचा प्रश्न. रबर का फाटलं?"

पेंट शॉपवाले म्हणाले ऊन. स्टोअर्सवाले म्हणाले उंदीर. नवरा म्हणाला की उन्हानं रबर चिरतं, असं उचकटत नाही, आणि उंदरानं खाल्लं असतं तर दातांच्या खुणा दिसल्या असत्या. कशानं तरी एकाच बाजूनं, पुन्हा पुन्हा जोर लावलाय. तिघंही त्या बोटभर कडीभोवती डोकी जुळवून बसले.

सासूबाई इतका वेळ खुर्चीत डुलक्या काढत होत्या. त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "दर गुरवारी तिथं पिचकारी कोण मारतं?"

नवऱ्यानं उन्हाळ्यात गाडी धुवायला प्रेशरची बंदूक आणली होती. दर गुरुवारी तो गाडी धुतो आणि ती धुतली म्हणजे काय, तर कुठल्याही सांध्यात कण राहता कामा नये.

"आमी ग्यालरीतनं बगतो की," सासूबाई म्हणाल्या. "त्या काडीच्या बुडाला नळी टेकवून लय येळ मारत बसतोस. मला वाटायचं, तितं मुंग्यांचं वारूळ हाय का काय."

पेंट शॉपवाले खाकरले. "मग भाऊ, तसं बघितलं तर हे..." एवढं बोलून ते थांबले. शेजारधर्म आडवा आला.

मी वाट बघत होते. तो 'पद्धत' म्हणू शकला असता. बंदुकीवर सूचना छापलेली नाही, कंपनीनं सांगितलं नाही, पाण्याचा दाब जास्त आहे, असं काय वाटेल ते म्हणू शकला असता. तो उठला, हात पुसले आणि म्हणाला, "माणूस." मग जरा थांबून, कुणी विचारलं नसताना म्हणाला, "मी."

इतक्या वर्षांच्या पोळ्या, दूध, इस्त्री आणि कुकर यांच्या चौकशा मी त्याला त्या क्षणी माफ केल्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. दुसऱ्याला लावलेली पट्टी तो स्वतःलाही लावतो, हे मला लग्नानंतर इतक्या वर्षांनी, त्या गाडीच्या डिकीपाशी कळलं आणि फार बरं वाटलं.

डांगे चौकातून तो नवी रबराची कडी घेऊन आला. वायपर ह्या वेळी मोटर आधी मुक्कामाला आणून मगच बसवला. काचेवर तांब्यानं पाणी ओतलं, बटण फिरवलं. वायपरनं काचेवर स्वच्छ अर्धगोल काढला आणि जागेवर येऊन निजला. नवरा वर गेला आणि लाल डब्यातली किल्ली घेऊन आला. सगळ्यांच्या देखत ती माझ्या हातात दिली. मी जिंकले होते. सासूबाई तर केव्हाच मागच्या सीटवर जाऊन बसल्या होत्या. वाकडला संध्याकाळीही घेतात, हे त्यांना पाठ होतं.

मी गाडीत बसले. पट्टा लावला, गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला. मागे गेट आणि तो कललेला खांब. तो आवाज पुन्हा कानात आला. पाय ब्रेकवरून उठेना. पार्किंगमधले सगळे बघत होते आणि गाडी नुसती घुरघुरत उभी होती. इतके दिवस लपवलेली भीती अशी सगळ्यांसमोर बाहेर आली, आणि मला रडू येईल असं वाटलं.

नवरा खिडकीशी आला. मी समोर बघत राहिले. आता तो ते प्रेमाचं वाक्य बोलणार, राहू दे म्हणणार, आणि मी खरंच राहू देणार, हे मला दिसत होतं.

तो म्हणाला, "आमच्या कंपनीत लिफ्ट दुरुस्त झाली की पहिल्यांदा दुरुस्त करणाऱ्यानंच चढायचं असतं." आणि चालत मागे गेला. खांबाच्या पुढ्यात, खांबाला पाठ लावून, अगदी माझ्या वाटेत उभा राहिला. हात नाही केले, येऊ दे येऊ दे म्हणून ओरडलाही नाही. पेंट शॉपवाले म्हणाले, "भाऊ, जरा बाजूला." तो काही हलला नाही.

"चल गं पोरी," सासूबाई मागून म्हणाल्या. "उबा हाय त्यो."

मी ब्रेकवरचा पाय सैल केला. गाडी तसूतसूनं मागे सरकू लागली. मी आरशात बघत होते. मागची काच इतकी स्वच्छ झाली होती की त्याच्या बनियनवरचा ग्रीसचा डाग दिसत होता, कपाळावरचा घाम दिसत होता. आणखी जवळ गेले तेव्हा दिसलं की त्यानं डोळे गच्च मिटून घेतले आहेत, ओठसुद्धा आत ओढून धरलेत. अगदी पोटापाशी गाडी नेऊन मी थांबवली. तो तसाच, डोळे मिटून, जागेवर उभा होता.